उपाशी काझी

उभ्या कुवेतमध्ये एकदाही बंदूक न उचलता नामांकित शिकारी ठरलेला माणूस एकच होता, आणि तो माझा धाकटा दीर होता. आमचे भावोजी. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, माझ्या कुकरच्या शिट्टीला दचकायचे, फटाक्याच्या आवाजाने दिवाळीत मोरीत जाऊन बसायचे. आणि तरीही थंडी पडायला लागली, की वाळवंटात तंबू ठोकणाऱ्या मंडळींचे निरोप आमच्या मिरकाबच्या फ्लॅटवर यायचे, "तुमचा तो काझी या शुक्रवारी मोकळा आहे का?" बंदूक परदेशी माणसाला तिकडे बाळगताच यायची नाही, आणि आली असती तरी भावोजींनी ती दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तशी धरली असती. मग शिकारीत यांचं काम काय? तर नियम सांगणे. म्हणजे मजा करायला निघालेल्या चार माणसांची मजा घालवणे, असं आमचे हे म्हणायचे. पण हे त्यांचे सख्खे मोठे भाऊ, त्यांना तेवढा अधिकार होता.

नियम होता माझ्या मामंजींचा. आमचं गाव महाडच्या वर, डोंगरात. त्या काळी गावात हाका निघायचा, भेकर नाहीतर डुक्कर उठायचं, आणि मामंजी सगळ्यांत पुढे. ते सांगायचे, रक्त काढलंत की ते जनावर तुमचं झालं. मेलं काय नि पळालं काय, तुमची शिकार तिथे संपली. दुसरा बार टाकायचा नाही, माग काढायचा. माग दिसेनासा झाला तर उद्या सकाळी पुन्हा यायचं. आणि जखमी जनावर रानात टाकून घरी आलात, तर त्या दिवशी हाक्यातल्या एकानेही मटण खायचं नाही, कोरडी भाकर आणि कांदा. दुसरं एखादं जनावर पडलेलं असलं तरी ते गावात वाटून टाकायचं. मी नवी नवरी असताना एकदा असं भरल्या पातेल्याचं मटण शेजारीपाजारी गेलेलं पाहिलंय, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बिलकूल पटलं नव्हतं. भावोजी मात्र त्या नियमावरच वाढले. बंदूक त्यांनी वडिलांकडून घेतली नाही, नियम तेवढा घेतला.

बरं, घेतला तो शिकारीपुरता ठेवावा की नाही? नाही. मी एकदा स्वयंपाकघरात झुरळावर चप्पल मारली. अर्धी बसली आणि ते लंगडत फ्रीजखाली गेलं. मी म्हटलं, गेलं तर गेलं. भावोजी ड्यूटीवर निघाले होते, बूट घातलेले. ते माघारी वळले. "वहिनी, असं अर्धवट सोडायचं नाही." आणि तो भलामोठा फ्रीज त्यांनी एकट्याने ओढला, मागची वायर तुटली, झुरळ निघालं, भावोजींनी ते एका फटक्यात संपवलं, मग हात जोडले आणि ड्यूटीला गेले. माझं दूध-दही सगळं नासलं. एक्स-रेचंही तेच. एका पेशंटची फिल्म जरा हलल्यासारखी आली, तोवर तो पेशंट निघून गेला होता, तर हे पांढऱ्या कोटात पार्किंगभर त्याच्यामागे धावले. तो बिचारा मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं समजून आणखी जोरात पळाला.

आणि माणसांच्या बाबतीत तर विचारू नका. आमच्याकडे गुरुवारी पत्ते रंगायचे. महबूल्याहून एक डॉक्टर आणि त्यांची बायको यायची. भावोजींची जीभ तिखट. एकदा डॉक्टरीणबाईंनी हुकमाचा एक्का वाया घालवला, तर भावोजी म्हणाले, "बाई, तुम्ही नर्सिंगहोममध्ये सुया पण अशाच कुठेही टोचता का?" सगळे हसले, बाईही हसल्या. पण भावोजींनी त्यांचा चेहरा पाहिला असणार. मंडळी गेल्यावर भावोजी उठले आणि टॅक्सी करून मागोमाग महबूल्याला. त्या दारात चपला काढतायत तोवर हे हजर. "बाई, मघाशी लागलं ना?" बाई म्हणाल्या, "अहो नाही हो." "नाही कसं, लागलंय. दिसलं मला. माफ करा." म्हणून पुन्हा त्याच टॅक्सीने परत. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही मुळात बोलायचंच नाही असं का करत नाही?" तर म्हणाले, "वहिनी, नेम कुणाचाही चुकतो. मागे जायचं की नाही, एवढंच आपल्या हातात असतं."

त्यांना काझी हे नाव दिलं ते एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांनी. वफ्राकडे त्यांचा मळा होता, काकड्या-टोमॅटोंचा आणि खजुराचा, आणि त्याच्या पलीकडे वाळवंटात त्यांचा थंडीचा तंबू पडायचा. पायाचं हाड मोडलं म्हणून ते एक्स-रेला आले आणि भावोजींशी चक्क मुंबईच्या हिंदीत बोलायला लागले. लहानपणी वडिलांबरोबर गलबतातून मुंबईला यायचे, मोती विकायला. भेंडीबाजारातल्या खाज्याची चव अजून जिभेवर होती त्यांच्या. झालं, गट्टी जमली. भावोजी दर शुक्रवारी त्यांच्या तंबूवर. जीपमध्ये बसल्याबसल्या यांचं सुरू व्हायचं: फार लांबून बार टाकायचा नाही. सूर्य कलल्यावर टाकायचा नाही, कारण शोधायला उजेड उरत नाही. जखमी झालेलं मेलेल्यातच धरायचं, आणि ज्याने जखमी केलं त्याची बंदूक त्या दिवशी गाडीत. एकदा पुण्याचे एक सर्जन बरोबर गेले होते, ते वैतागून म्हणाले, "अहो, आपण शिकारीला चाललोय का मुंजीला?" पण म्हाताऱ्याला हे सगळं फार आवडायचं. ते खो-खो हसायचे आणि म्हणायचे, "काझी, तेरा कानून बहुत भारी है. मेरे को चलेगा." आणि खरंच चालवायचे. चांगल्या नेमाचा माणूस, पण एखादं पाखरू फडफडत झुडपात गेलं की मुकाट्याने बंदूक ड्रायव्हरच्या हाती देऊन वाकून शोधायला लागायचे. भावोजीही शोधायचे. त्यांना पाखरू क्वचितच सापडायचं. चहाच्या किटलीचं झाकण, एकच चप्पल, एकदा तर म्हाताऱ्याच्याच जीपच्या चाकाचं हरवलेलं झाकण, असलं काहीबाही मात्र नेमाने सापडायचं.

नव्वद सालच्या थंडीत, हंगाम संपत आला असताना, ते झालं. त्या शुक्रवारी म्हाताऱ्याकडे रियाधहून पाहुणे आले होते, त्यांच्या लेकीच्या सासरचे. व्याह्यांसमोर माणूस जरा ताठ बसतोच, तो कुठल्याही देशातला असो. दिवसभर काही मिळालं नव्हतं. ऊन उतरलं आणि समोर हुबारा दिसला. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा लहान भाऊ म्हणा. वर्षावर्षात एखादा दिसायचा. भावोजी म्हणाले, "बाबा, सूरज नीचे है." पण म्हाताऱ्याचा बार झालाच होता. पक्षी कोसळला, उठला, एक पंख ओढत झुडपांमागे गेला. भावोजींनी नियम सांगितला. सगळे उतरले, थोडा वेळ शोधलं, पण पाहुण्यांना भूक लागलेली. म्हातारे म्हणाले, "कोल्हा खाएगा उसको. वो भी अल्ला का मेहमान है. चल." सगळे गेले, भावोजी एकटे वाळूत फिरत राहिले. अंधार पडताना तंबूकडे आले ते रिकाम्या हाताने.

तोवर ताट मांडलं होतं. त्यांच्याकडे एकच मोठी परात असते, भाताचा डोंगर, वर अख्खं बकरं, आणि सगळ्यांनी भोवती बसून त्यातच जेवायचं. म्हाताऱ्याने आपल्या शेजारची जागा राखून ठेवली होती. "काझी, आ जा, बैठ." भावोजी जीपच्या चाकाला टेकून वाळूत बसले आणि तिथूनच म्हणाले, "नहीं बाबा. आज का खाना मेरे को नहीं चलेगा."

हे सगळं आम्हाला घरी आल्यावर भावोजींनीच सांगितलं, आणि कसं, तर छाती फुगवून! "वहिनी, वडिलांचा नियम मी वाळवंटातसुद्धा पाळला. उपाशी आलोय. एक कांदा द्या आणि काल उरलेली पोळी." मी कांदा चिरायला घेतला आणि माझा हात थांबला. मी विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. उठले."

"म्हणजे ताटावरून उठले? पाहुण्यांच्या आधी?"

"हो. मग सगळेच उठले."

आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला. मी म्हटलं, "भावोजी, उद्या माझ्याकडे माझे व्याही जेवायला बसलेत, आणि मी पान वाढल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, वहिनी, तुमच्या हातचं मला चालणार नाही, तर मी काय समजायचं?"

भावोजी म्हणाले, "पण मी तर प्रायश्चित्त म्हणून..."

"ते तुमच्या मनात. त्यांच्या ताटापाशी काय दिसलं?"

असा चेहरा मी त्यांचा आयुष्यात पाहिला नव्हता. कांदा तसाच राहिला. म्हणाले, "वहिनी, मी एक पाखरू शोधायला गेलो आणि माणूस जखमी करून आलो की हो."

आता त्यांचाच नियम. मागे जायला हवं. ते दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याच्या दीवानियात गेले, म्हणजे घरातली पुरुषांची बैठक असते तिथे. म्हाताऱ्याने उठून स्वागत केलं, स्वतःच्या हाताने कॉफी ओतली, हॉस्पिटलची चौकशी केली. सगळं अगदी रीतसर, आणि तेच वाईट. एरवी, "क्या रे काझी, कितना झुरळ मारा?" म्हणून सुरुवात व्हायची. (झुरळाची गोष्ट भावोजींनी तिथेही सांगितली होती.) 'जेवून जा' असं मात्र त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. म्हाताऱ्याचा ड्रायव्हर राजापूरकडचा, आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तो भावोजींना सोडायला आला आणि जिन्यात मला म्हणाला, "भाभी, तुमच्या दिरान काय केलान हो ह्या? आमचो म्हातारो कालपासना कोनाशी धड बोलत नाय."

भावोजींनी मग ठरवलं. मोडलंय ते ताटावर, जुळायलाही ताटावरच हवं. पुढच्या थंडीत तंबू पडला, की न बोलावता जायचं, त्यांच्या शेजारी बसायचं, सगळ्यांदेखत माफी मागायची आणि पोट फुटेस्तोवर जेवायचं. बस्स. तो अख्खा उन्हाळा भावोजींनी थंडीची वाट बघण्यात काढला. बाहेर पन्नास अंशांची भट्टी, एसीखाली आम्ही घामाघूम, आणि हे खिडकीशी उभे राहून म्हणायचे, "आज जरा गार वाटतंय नाही?" माफीची वाक्यं अरबीत पाठ केली. हॉस्पिटलातल्या एका मिसरी कंपाउंडरकडून शिकले, आणि मला भाजी निवडताना म्हणून दाखवायचे. मला एक अक्षर कळायचं नाही, पण इतकं मनापासून म्हणायचे की मी दर वेळी म्हणायची, "झालं, केलं माफ, आता कोथिंबीर निवडा."

आणि थंडी यायच्या आधी ऑगस्ट आला. सकाळी धडाड आवाज झाले, भावोजी नेहमीसारखे मोरीत गेले, आणि आम्ही हसलो. खरंच हसलो, आम्हाला वाटलं कुठेतरी बांधकामाचा सुरुंग असेल. खिडकीतून इराकचे रणगाडे दिसले तेव्हा हसू थांबलं. पुढचं तुम्ही सगळ्यांनी वाचलेलंच आहे, पुन्हा सांगत नाही. पावासाठी रांगा, अफवा, कोण निघालं कोण राहिलं. भावोजी एवढ्या गोळीबारातून एक दिवस चालत म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आले. घराला कुलूप. राखणीला चाचा एकटा. म्हातारे बायकामुलांना घेऊन जीपने सौदीकडे गेले होते, सडकेने नाही, वाळवंटातून, जिथे हे सगळे शिकारीला जायचे त्याच वाटेने. सुखरूप पोचले की नाही, चाचालाही ठाऊक नव्हतं. भावोजी आले आणि बूट न काढताच बसले. म्हणाले, "वहिनी, मेल्याचं मला एवढं वाटत नाही. मेलं ते सुटलं. लागलेलं घेऊन जे नजरेआड जातं ना, ते कुठेतरी बसलेलं असतं."

आम्ही बसमधून बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या तंबूंत पोचलो. तंबू म्हटल्यावर मला आधी त्यांच्या शिकारीचेच तंबू डोळ्यांसमोर आले. धूळ खात, पाण्याच्या रांगेत उभ्या आम्ही बायका, आणि भावोजी दिसेल त्या कुवेती नंबरच्या गाडीपाशी जाऊन म्हाताऱ्याची चौकशी करतायत. मग विमान, मुंबई, आणि महाडचं घर. महाडला सगळं होतं, पाणी होतं, झाडं होती, माझी माणसं होती. तरी सांगते, मला तो मिरकाबचा फ्लॅट आठवून रडू यायचं. दुपारी बाजूच्या मशिदीची बांग झाली की मी कणीक मळायला घ्यायची, ती वेळच हरवली. महाडला मला कणीक कधी भिजवावी ते कळेना, हसू नका. आणि भावोजी? महाडला चांगली थंडी पडली, माणसं शेकोट्या करून बसली, आणि हे अंगणात हात मागे बांधून फेऱ्या घालायचे. त्या वर्षीची थंडी फुकट गेली ना त्यांची.

कुवेत इराकच्या तावडीतून सुटल्यावर काही महिन्यांनी हॉस्पिटलने जुन्या लोकांना परत बोलावलं. आमच्या यांची नोकरी संपत आलीच होती, आम्ही गेलो नाही. भावोजी गेले. त्यांना एस्टीत बसवताना मी म्हटलं, "जपून राहा." ते म्हणाले, "थंडीत जेवून कळवतो."

ते गेले आणि पाऊस संपता संपता चाचा आला, रजेवर. मुंबईहून राजापूरला जाताना वाटेत महाडला उतरला. म्हातारे जिवंत होते, परत आले होते. घर पार लुटलेलं, गालिचे नाहीत, गाड्या नाहीत, खिडक्यांना काचा नाहीत. चाचा भिंतीला टेकून चहा पीत सांगत होता. "भाभी, म्हाताऱ्यान घराकडे बगितलान पन नाय. दारात उभा रावन मला पयला इचारलान, वो मेरा भूखा काझी जिंदा है? घर पहुँचा? मी बोललो, पोचला. तर बोलला, उसको बोलो वापस आए. मैं उसको भूखा भेजा."

मी पदर डोळ्यांना लावला. चाचा बिचारा घाबरून म्हणाला, "अवो, जिवंत हाय तो म्हातारा!"

मग डिसेंबरात भावोजींचा फोन आला. फोन आमच्याकडे कुठला, खालच्या औषधांच्या दुकानात यायचा. मी धावत गेले. काउंटरवर चार गिऱ्हाइकं, आणि पलीकडून भावोजी ओरडतायत. वाळवंटात सुरुंग पेरलेले, तिकडे जायला बंदी, म्हणून म्हाताऱ्याने यंदा तंबू घराच्या अंगणातच ठोकला होता. भावोजी गेले, शेजारी बसले. हात ताटात घालायच्या आधी, दहाबारा माणसांदेखत, पाठ केलेली सगळी अरबी वाक्यं म्हटली.

"मग?" मी ओरडले. "काय म्हणाले?"

"वहिनी, ते विसरले! म्हणाले, कौनसा थाली? कैसा हुबारा? बुड्ढा हो गया मैं, कुछ याद नहीं. खाना ठंडा होता है."

"मग बरंच झालं की!"

"बरं कसलं? दोन वर्षं मी जीव जाळला. आता माफी मागू कुणाकडे? त्यांना काही आठवतच नाही!"

चाचाचे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण मी ते गिळले. कारण माझ्या लक्षात आलं, म्हातारे कसे आणि कशासाठी विसरले ते. पाहुण्याने भरल्या ताटासमोर मान खाली घालायची नाही, म्हणून यजमान विसरला. आता मी हे सांगितलं असतं, तर आमचे भावोजी तसेच उलटे फिरून पुन्हा माग काढत गेले असते, "बाबा, तुम्हाला आठवतंय, कबूल करा!" आणि एवढ्या मोठ्या मनाने विसरलेलं सगळं फुकट गेलं असतं.

मी एवढंच विचारलं, "जेवलात ना?"

"जेवलो. त्यांनी स्वतःच्या हाताने मटण तोडून माझ्यापुढे ठेवलं. खूप जेवलो, वहिनी."

तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. मी दुकानात उभी असते, हाती रिसीव्हर, समोर खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या, आणि मला कधीही न पाहिलेलं ते अंगण दिसतं, ती परात, ते दोन हट्टी पुरुष मांडीला मांडी लावून बसलेले. एकदा तरी तिथे जाऊन त्यांना वाढावं असं फार वाटतं, पण आता ते व्हायचं नाही. भावोजी दर वेळी हळहळतात, "वहिनी, म्हातारा विसरला हो." आणि मी दर वेळी म्हणते, "वय झालं त्यांचं, भावोजी. चालायचंच."